डोकं दुखतंय, साहेब

लेहला विमानातून उतरलं की पहिले सहा दिवस जवानाला कामच नसतं. खायचं, झोपायचं, हळूहळू चालायचं. अकरा हजार फुटांवरची विरळ हवा अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. अजून वर जायचं तर पुढे चार-चार दिवसांचे आणखी दोन टप्पे. रोज सकाळी फॉल-इनला नर्सिंग असिस्टंट एकच विचारतो, "किसी का सर दर्द?"

पहिल्या पोस्टिंगला चौथ्या दिवशी माझं डोकं फुटायला आलं होतं. हात वर केला नाही. वर जाणाऱ्या पार्टीत नाव होतं, ते कटेल ही भीती. रात्री उलट्या सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या जोडीदाराने मला न विचारता एम.आय. रूमला नेलं. पार्टी गेली, मी खाली राहिलो. त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. आज त्याची आठवण आली की मनातल्या मनात सॅल्यूट ठोकतो.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी पुन्हा लेहलाच होतो. भाचा अकरावीत, सोळा वर्षांचा. एनडीएचं वेड. वेड लावणारा मीच. पाच वर्षांचा असताना त्याच्या डोक्यावर माझी टोपी ठेवली होती, ती त्याने आजवर उतरवलीच नाही म्हणा ना.

पोरगं हुशार. पण गणिताचा पेपर 120 प्रश्नांचा, वेळ अडीच तास. पहिले चाळीस प्रश्न फटाफट, मग तोच प्रश्न तीन-तीनदा वाचतो आणि मन भलतीकडेच. "हुशार आहे, लक्ष नाही," हा शेरा दुसरीपासून प्रत्येक प्रगतिपुस्तकावर. मानसोपचार तज्ज्ञांनी नीट तपासून एडीएचडी सांगितलं आणि मिथाइलफेनिडेटची गोळी सुचवली. इकडे ॲकॅडमीतले सर म्हणाले, "एकदा कागदावर आलं की मेडिकलला बाद. थांबा, नाहीतर गुपचूप घ्या."

"दादा, तूच सांग," बहीण म्हणाली. "मी पोराचं औषध बंद ठेवू की स्वप्न?"

सर अगदीच खोटं बोलत नव्हते. मेडिकलला जुन्या आजारांची माहिती लिहून सही करावी लागते आणि मानसिक आजाराचा इतिहास अपात्र ठरवू शकतो. आमच्या युनिटच्या डॉक्टर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बोर्ड काय ठरवेल याचं वचन मी देणार नाही. पण लपवण्याचा सल्लाही देणार नाही."

रात्रभर विचार केला. गोळी न घेता थांबायचं, तर लेखी परीक्षेतच अडकणार. मग एसएसबी कुठली आणि मेडिकल कुठलं? गुपचूप घ्यायचं, तर ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. समजा तेही निभावलं, खोटी सही करून तो आत गेला. उद्या बर्फाने रस्ता बंद झालेल्या पोस्टवर गोळ्या संपल्या तर? तिथे त्याच्या भरवशावर झोपणाऱ्या जवानांना काय सांगायचं? त्या झोपणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून हा प्रश्न मला टाळता आला नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्यालाच फोनवर घेतलं. डोकेदुखीची गोष्ट सांगितली. घरी कुणालाच ठाऊक नव्हती.

"मामा, तुम्ही हात वर केला असता तर?"

"पार्टी चुकली असती. पुढच्या पार्टीने गेलो असतो."

"आणि माझी पुढची पार्टीच नसली तर?"

पोरगं लक्ष देत नाही असं कोण म्हणतं? मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग खरं तेच बोललो, "तर मग खाली राहून करायची कामंही असतात. पण डोकं दुखत असताना दुखत नाही असं म्हणून आयुष्य काढू नकोस."

तो काही बोलला नाही. आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला, गोळी सुरू केली. भूक कमी झाली म्हणून ती डब्यावरून त्याच्याशी भांडते. डॉक्टर दर भेटीला वजन आणि नाडी बघतात. परवाच्या सराव पेपरात त्याने 120 पैकी 104 प्रश्न सोडवले.

डॉक्टरांचे सगळे कागद त्याने तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून कपाटात ठेवलेत. वर स्वतःच्या हाताने लिहिलंय, "मेडिकलला न्यायची." बोर्ड ती फाइल बघून काय म्हणेल, मला माहीत नाही. सुट्टीला गेलो की ती माझ्यापुढे ठेवतो आणि एकही कागद हरवलेला नसतो.

जय हिंद.