जाड गाइड, पातळ गाइड

मैत्रिणींनो, घरात मूल बारावीला असलं की आईचीही परीक्षाच असते, नाही का? लेकीचं कॅल्क्युलस अडलं, तेव्हा मी नवी पेठेतून सर्वांत जाडजूड गाइड आणलं. जाड तेवढं चांगलं, असा आपला हिशेब! लेक उत्तरं उतरवत राहिली आणि सहामाहीत नापास झाली. "आई, मला डोकंच नाही," म्हणून रडली. माझ्या पोटात कालवलं. असंच म्हणत मीही गणित सोडलं होतं.

दुसऱ्यांदा तिला बरोबर नेलं. सोडवलेलं उदाहरण काढायचं, खालचा भाग हाताने झाकायचा नि विचारायचं, पुढची पायरी का? ते 'का' पुस्तकात असेल तरच घ्यायचं. आकृत्या हव्यात, सरावाच्या उदाहरणांची उत्तरं मागे हवीत. आणि हो, अभ्यासक्रम तपासा. बारावीचं पुस्तक २०२० साली बदललं. त्याआधीचं गाइड स्वस्तात मिळालं तरी नको.

या वेळचं गाइड निघालं पातळ! पण परवा पाणी भरताना लेकच मला सांगू लागली, "आई, धार तीच, पण घागरीच्या पोटाशी पाणी सावकाश चढतं, गळ्याशी भरभर. त्या क्षणाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह."

इतकी वर्षं घागरी भरतेय, पण त्या दिवशी प्रथमच थांबून पाहिलं. डोकं दोघींनाही होतं हो!