मोठ्या भोकाची रेकॉर्ड

परभणीच्या एका शिक्षकाला मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात, कार्पेंटर्सची ‘यस्टरडे वन्स मोअर’ सापडली. १९७३ सालची, ७ इंची, मूळ अमेरिकी सिंगल. कव्हर नव्हतं, पण उजेडात तिरकी धरून पाहिली तर एकही खोल ओरखडा नाही.

देवगिरी एक्स्प्रेसने परभणी येईपर्यंत ती मांडीवरच होती.

अडचण घरी कळली. अमेरिकी सिंगलचं मधलं भोक दीड इंचाचं, आणि त्याच्या रेकॉर्डप्लेअरची दांडी बारीक. मग प्लास्टिकचं झाकण कापून त्याने चकती केली, तिचा मध्य पट्टीने दोनदा मोजून भोक पाडलं. मध्य जरा जरी सरकला तरी सूर डुलतो. वेग ४५वर ठेवला आणि सुई टेकवली.

कॅरन कार्पेंटरचा आवाज खालच्या पट्टीतला, अगदी शेजारी बसून गायल्यासारखा. ड्रम वाजवणारी ही मुलगी इतकं हळुवार गाते, याचं त्याला फार अप्रूप. रिचर्ड कार्पेंटर आणि जॉन बेट्टिस यांचं हे गाणं रेडिओवर ऐकलेल्या जुन्या गाण्यांच्या आठवणींचं. विविध भारतीवर वाढलेल्या माणसाला ते परकं कसं वाटेल? कॅरन १९८३मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी गेली. ती हळहळ त्याच्या मनातून जात नाही.

मागच्या बाजूला ‘रोड ओड’ आहे, दौऱ्यांवरच्या थकव्याचं गाणं. रविवारी तो आधी तीच बाजू लावतो.