शत्रुपक्षाचा सेनापति

आपल्या पक्षांतील थोर माणसाची स्तुति करण्यास मनुष्याला फारसे कष्ट पडत नाहींत. ती एका परीनें आत्मस्तुतीच असते. प्रतिपक्षांतील माणसाविषयीं चार शब्द बरे बोलण्याची वेळ आली म्हणजे मात्र जीभ अडखळते. आमच्यावर ही वेळ एका खेळामुळें आली, आणि ती पुरती ओळखण्यास आम्हांस जवळजवळ तीस वर्षें लागलीं.

हॉकी म्हटल्याबरोबर वाचकांनीं ध्यानचंद व हिरवें मैदान डोळ्यांपुढें आणूं नये. आम्ही म्हणतों ती हॉकी बर्फावर, पोलादी पातीं लावलेले बूट घालून खेळतात. चेंडूऐवजीं रबराची काळी चकती असते, आणि खेळाचा वेग असा कीं नवख्या प्रेक्षकाला पहिले चार दिवस चकती दिसतच नाहीं. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं आमचें शिक्षण बोस्टन युनिव्हर्सिटींत झालें व पुढें तेथेंच बिऱ्हाड थाटलें. त्यामुळें त्या विद्यापीठाचा तांबडा रंग आमच्या अंगीं भिनला. विद्यापीठासमोरून जाणाऱ्या ट्रॅमच्या शेवटच्या स्थानकाचें नांव ‘बोस्टन कॉलेज’. एकाच रुळावरचे हे दोन शेजारी, पण हॉकीच्या बाबतींत त्यांचें वैर कौरवपांडवांना लाजविणारें. आमच्या बाजूचे प्रेक्षक सामना तिसऱ्याच कोणाशीं असला तरी मधूनमधून त्या कॉलेजाचा उद्धार करतात. आम्हींही केला आहे; नाकबूल कशास करा?

१९९४ सालीं त्या कॉलेजानें जेरी यॉर्क या गृहस्थांस आपल्या संघाचे गुरु नेमलें. ते त्याच कॉलेजाचे जुने विद्यार्थी व एके काळचे कर्णधार. ओहायोंतील बोलिंग ग्रीन येथें पंधरा वर्षें शिकवून, १९८४ सालीं चार वेळां जादा वेळ खेळाव्या लागलेल्या अंतिम सामन्यांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवून ते घरीं परतले होते. पहिलीं तीन वर्षें त्यांच्या संघाच्या वांट्याला विजयांपेक्षां पराभवच अधिक आले. इकडे आमचे गुरु जॅक पार्कर यांनीं १९९५ मध्यें राष्ट्रीय विजेतेपद पटकावलेलें. दर फेब्रुवारींत बोस्टनचीं चार कॉलेजें ‘बीनपॉट’ नांवाच्या करंडकासाठीं झुंजतात (शब्दशः अर्थ घेवडा शिजविण्याचें मडकें, पण त्या मडक्यासाठीं शहर वेडें होतें). तेंही १९९५ पासून २००० पर्यंत लागोपाठ सहा वर्षें आमच्याच घरीं राहिलें. आम्ही यॉर्कसाहेबांस हंसत होतों. ते मात्र कधीं चिडलेले दिसले नाहींत, याचा आम्हांस थोडा रागच येई.

या खेळांत गुरूचें मन झांकून राहत नाहीं. गडी पूर्ण वेगानें पाऊण मिनिटाहून फार वेळ खेळूं शकत नाहीं; म्हणून खेळ चालू असतांनाच एक तुकडी कठड्यावरून आंत येते व दुसरी बर्फावर उतरते. बांकामागें उभा राहून गुरु या अदलाबदलीचा हिशेब अखंड करीत असतो. एखाद्याच्या चुकीनें गोल झाला तर तो गडी पुढच्याच क्षणीं मान खालीं घालून त्याच्यापुढें येऊन बसतो, आणि त्या वेळीं गुरु काय करतो हें हजारों लोकांना लख्ख दिसतें. कोणी त्याच्या कानाशीं ओरडतो, कोणी पाण्याची बाटली आपटतो, कोणी त्याला उरलेला वेळ बांकावरच खिळवून ठेवतो. यॉर्क दोन शब्द बोलत, आणि पाळी आली कीं त्यालाच पुन्हां बर्फावर धाडीत, असें आम्हीं कितीदां तरी पाहिलें. हा मनुष्य बर्फाचाच घडविला आहे, असा आमच्या मित्रमंडळींत विनोद होता.

१९९८ सालीं राष्ट्रीय अंतिम सामना, तोही बोस्टनमध्येंच, ते जादा वेळांत एका गोलानें हरले. २००० सालीं पुन्हां अंतिम सामन्यांत नॉर्थ डकोटाशीं हरले. २००१ सालीं पुन्हां तोच प्रतिस्पर्धी. दोन गोलांची आघाडी, आणि शेवटच्या चार मिनिटांत दोन्ही गोल फिटले! आम्ही घरीं बसून टाळ्या पिटल्या. पण त्या बांकावर गडबड दिसली नाहीं. जादा वेळ सुरू होऊन पांच मिनिटें होण्यापूर्वींच त्यांनीं गोल करून सामना जिंकला. १९४९ नंतर बावन्न वर्षांनीं त्या कॉलेजाला तें विजेतेपद लाभलें होतें.

त्या संघाचा कर्णधार ब्रायन जिओन्टा अवघा पांच फूट सात इंच उंचीचा. या खेळांत धक्काबुक्की फार, म्हणून धिप्पाड मुलांचा शोध सर्वत्र चालतो. यॉर्क मात्र ठेंगण्या, चपळ मुलांना हौसेनें घेत आणि त्यांच्यावर संघाचा भार टाकीत. जिओन्टामागून नेथन गर्बी आला, तो पांच फूट पांच इंच! मग कॅम अ‍ॅटकिन्सन, मग जॉनी गॉड्रो. धाकट्या भावाबरोबर खेळतां यावें यासाठींही गॉड्रो कॉलेजांत आणखी एक वर्ष राहिला होता. २०२४ सालीं ते दोघे भाऊ सायकलवरून जात असतां एकाच अपघातांत गेले, तेव्हां आमच्या तांबड्या घरांतही त्या दिवशीं जेवण गेलें नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या गोष्टीकडे वळलें पाहिजे. आमचा मुलगा लहानपणापासून हॉकी खेळे. पहांटे पांच वाजतां त्याला बर्फाच्या मैदानावर पोंचविणें हा आमचा हिंवाळ्यांतला नित्यनेम. बाराव्या वर्षीं एका संघाच्या गुरूनें त्याला ‘फार लहान’ म्हणून परत पाठविलें. त्याच वर्षीं, २००६ च्या मार्चांत, राष्ट्रीय स्पर्धेंत वूस्टर येथें आमची त्या कॉलेजाशीं गांठ पडली. आठवड्यापूर्वींच आम्हीं त्यांना हरविलें होतें, म्हणून मुलाला विजय दाखवावयास मोठ्या तोऱ्यानें घेऊन गेलों. पांच विरुद्ध शून्य असे हरलों. आदल्याच वर्षीं कर्करोगानें गांठलेले यॉर्क नेहमींच्याच शांतपणें उभे होते. खेळ संपल्यावर दोन्ही संघ रांगेनें हस्तांदोलन करून गेले, आणि आम्ही मुकाट्यानें मोटारींत बसलों.

अर्ध्या वाटेंत मुलानें विचारलें, “बाबा, तो सगळ्यांत लहान मुलगा त्यांच्याकडेच कां गेला? आपल्याकडे कां नाहीं आला?”

आम्हीं रस्त्यावर बर्फ फार असल्याचें निमित्त केलें.

चार दिवसांनीं त्याच्या खोलींत, पलंगासमोरच्या भिंतीवर, गर्बीचें चित्र लागलेलें दिसलें. अंगांत त्या कॉलेजाचा सदरा. लिहितांना लाज वाटते, पण आम्हीं तें काढावयास लावलें. “या घरांत त्यांचा रंग लागावयाचा नाहीं,” असें म्हटलें, आणि तेंही हंसत, जणूं विनोदच. मुलानें वाद घातला नाहीं. चित्र भिंतीवरून गेलें.

त्यानंतर यॉर्क यांनीं २००८, २०१० व २०१२ सालीं आणखी तीन राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं. पार्कर २०१३ सालीं निवृत्त झाले. दोघेही १९४५ सालचे, दोघेही आपापल्या कॉलेजाचे जुने गडी. एकाशिवाय दुसऱ्याची गोष्ट पुरी होत नाहीं, हें तेव्हां आम्हांस पटूं लागलें होतें. २०२२ च्या एप्रिलांत यॉर्क यांनीं निवृत्ति घेतली. तोंवर त्यांचे विजय १,१२३ झाले होते. अमेरिकेंतील कॉलेजांच्या हॉकींत इतके कोणाचेच नाहींत. त्यांतले बरेच आमच्या छातीवरून गेलेले.

त्या आठवड्यांत आम्ही मुलाची जुनी खोली आवरीत होतों. तो आतां दूरच्या गांवीं नोकरी करतो. उंची शेवटपर्यंत बेताचीच राहिली, आणि हॉकी तो अजून दर रविवारीं खेळतो. कपड्यांच्या कपाटाचें दार उघडलें तों आंतल्या बाजूस, चारही कोपरे नीट चिकटविलेलें, तेंच चित्र! सोळा वर्षें तें तेथें होतें आणि रोज सकाळीं सदरा घेतांना तो तें पाहत असला पाहिजे.

त्या रात्रीं आम्हीं त्याला फोन केला; यॉर्कसाहेबांविषयीं पुष्कळ वेळ बोललों, आणि अखेर विचारलें, “तें चित्र आतां भिंतीवर लावूं का?”

तो जरा थांबला. मग म्हणाला, “राहूं द्या बाबा, तिथेंच. दार मात्र उघडें ठेवा.”