दुसऱ्या आजाराची गोळी

टिकच्या, म्हणजे आपोआप मान उडणं, डोळे मिचकणं, आवाज निघणं अशा विकारासाठी मी जी औषधं लिहून देतो, ती सगळी उसनी आहेत. क्लोनिडिन रक्तदाबाचं. टोपिरामेट फिटचं. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल मनोविकारांसाठी आलेली. पंधरा वर्षांचा मुलगा मेडिकलच्या पायरीवरच मोबाईलमध्ये गोळीचं नाव टाकतो, पहिल्याच ओळीत त्याला 'स्किझोफ्रेनिया' दिसतं. पुढच्या भेटीत आईला बाहेर बसवून तो विचारतो, "डॉक्टर, मी वेडा आहे का?"

त्याची भीती रास्त आहे. "घाबरू नकोस रे" म्हणून ती जात नाही, म्हणून मी त्याला गोळीचा इतिहास सांगतो.

1885 साली पॅरिसमध्ये जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी नऊ रुग्णांची वर्णनं छापली: मान उडते, डोळे मिचकतात, तोंडातून नको ते आवाज निघतात. पुढची कित्येक दशकं मनोविश्लेषकांनी याचं मूळ दबलेल्या वासनांत आणि घरच्या धाकात शोधलं. 1958 मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं, काही वर्षांत ते टिकवर वापरून पाहिलं गेलं आणि रुग्ण सुधारले. अमेरिकेतल्या आर्थर आणि इलेन शापिरो या दांपत्याने 1968 मध्ये हेच पुढे मांडलं: हा मामला मेंदूचा आहे. म्हणजे पोरगा जिला 'वेड्यांची गोळी' म्हणतो, तिच्यामुळेच कितीतरी आयांच्या माथ्यावरचा दोष उतरला. शिवाय टिकसाठी डोस बराच कमी लागतो.

क्लोनिडिनची गोष्ट मुलांना जास्त आवडते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ते चोंदलेल्या नाकासाठी तयार झालं होतं. सर्दी झालेल्या एका बाईंना थेंब दिले, तर त्या जवळजवळ दिवसभर झोपल्या आणि त्यांचा रक्तदाब उतरला! म्हणून मी ते अगदी थोडं आणि रात्री सुरू करतो, आणि मनाने एकदम बंद करू नकोस, रक्तदाब उसळेल, असं दोनदा बजावतो. रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढतं, क्वचित मुलांची छाती सुजते. हे आधी सांगितलं नाही, तर पोरगा लाजेने गप्प राहतो आणि गोळ्या गुपचूप बेसिनमध्ये जातात. हॅलोपेरिडॉल जुनं आणि दमदार, पण अंग आखडतं आणि फार काळ घेतलं तर तोंडाच्या नव्याच हालचाली मागे लागू शकतात. माझ्या हातून ते आता क्वचितच लिहिलं जातं.

मुळात गोळी हवी कुणाला? वडील म्हणतात, "मनात आणलं तर थांबवतो की, शाळेत नाही करत." मी त्यांना पापणी न लवता माझ्याकडे बघत राहायला सांगतो. थोड्याच वेळात डोळे चुरचुरतात, पापणी लवतेच. टिकच्या आधीही मुलाला अशीच चुरचुर जाणवते. तो दिवसभर वर्गात दाबून ठेवतो आणि घरी येऊन सोडतो. म्हणून घरच्यांना ते जास्त दिसतं आणि नाटक वाटतं.

टिक बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होतात, दहा-बाराव्या वर्षी कळस गाठतात आणि विशीच्या आसपास बहुतेकांच्या बऱ्याच ओसरतात. गोळीने टिक कमी होतात, समूळ जात नाहीत, आणि हा प्रवासही बदलत नाही. गोळी न घेतल्याने मेंदूची हानी होत नाही. त्यामुळे मान दुखत असेल, ओळी वाचता येत नसतील, मुलं पिडत असतील, तर औषध जरूर. लग्नात मामांनी विचारलं म्हणून नको. मत पोराचं, हे मी आईवडिलांसमोर स्पष्ट बोलतो. काही पालकांना ते रुचत नाही.

गोळीआधी एक वर्तनोपचारही असतो. चुरचुर ओळखायची आणि मान उडण्याआधी हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे स्नायू ताठ धरायचे. 2010 मध्ये अमेरिकेत 126 मुलांवर याची चाचणी झाली. उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत ठळक सुधारणा दिसली, नुसत्या समुपदेशनाच्या गटात पाचातल्या एकालाही नाही. आपल्याकडे अडचण शिकवणाऱ्यांची. तालुक्याच्या गावी असा मानसतज्ज्ञ मिळणं कठीण, पण व्हिडिओ कॉलवरही हे जमतं.

हे सगळं टिकपुरतं. याच वयात हात थरथरू लागले, अक्षर बिघडलं, बोलणं जड झालं, तर विल्सनचा आजार आधी तपासायचा: रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, बुबुळाभोवतीचं तपकिरी कडं. तिथे औषधाचं मतदान नसतं. शरीरात साठणारं तांबं वाट पाहत नाही, आणि बरं वाटलं म्हणून गोळी सोडणं जिवावर बेततं.

जानेवारीत हमखास येणारा प्रश्न: बोर्डाच्या परीक्षेआधी सुरू करू का? नको. पहिले काही आठवडे पेंग येते, आणि गणिताच्या पेपरला पेंगण्यापेक्षा मान उडालेली परवडते. परीक्षेच्या ताणाने टिक वाढणारच, ते धरून चालायचं. मुख्याध्यापकांच्या नावे मी पत्र देतो, वर्गावरच्या पर्यवेक्षकांना आधी कल्पना दिलेली बरी. गोळीचा विचार शेवटच्या पेपरनंतर, आणि तेव्हाही तो म्हणाला तरच.