खांदेरीचा जिवंत तट

शिमगा होऊन तीन दिवस झाले होते, तरी थळच्या कोळीवाड्यासमोरच्या होड्यांवरच्या पताका अजून उतरल्या नव्हत्या. निसर्गप्रेमींच्या एका छोट्या गटाबरोबर मी खांदेरीला निघाले होते. गड पाहायचा नव्हता, गडाच्या पायाशी काय जगतं ते पाहायचं होतं. म्हणून तिथी मुद्दाम निवडली होती, फाल्गुन वद्य तृतीया. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. तृतीयेची भरती सव्वादोनला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. पौर्णिमेनंतरचे हे दिवस उधाणाचे. पाणी जेवढं चढतं तेवढंच खोल उतरतं, आणि दिवस-रात्र सारखे होण्याच्या या सुमारास तर एरवी कधी उघडे न पडणारे खडकही दिसतात.

उजाडताच होडी सुटली. जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद होता, पाण्यावर सुरकुती नव्हती. उंदेरी मागे पडत असताना नाखव्यांनी इंजिन बारीक केलं आणि हात केला. "गादे!" करड्या पाठी वर आल्या, पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर दिसला, श्वासाचा फुसकारा ऐकू आला. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारे हे कुबडवाले डॉल्फिन. नाखव्यांनी होडी त्यांच्या मागे घातली नाही. दूरच थांबलो, म्हणून ते बराच वेळ दिसत राहिले.

जाळ्यांच्या बोयांवर कुरव बसले होते. हिवाळ्यात या पक्ष्यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे नुसता एक ठिपका. आता कित्येकांची डोकी तपकिरी व्हायला लागली होती. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर जाऊन घरटी करण्याचे दिवस जवळ आल्याची ती खूण.

खांदेरीच्या दोन टेकड्या आणि त्यांच्यामधली खोलगट जागा दुरूनच ओळखू येते. 1867 सालचं दीपगृह त्याहून आधी दिसतं. धक्क्याला लागल्यावर नाखवा आधी वेताळाच्या देवळात जाऊन नारळ ठेवून आले. मग आम्ही तटाबाहेर उतरायला लागलो तशी त्यांची हाक आली, "अनवानी जाव नका! कालवा पाय फारतान!"

तटाच्या बाहेर समुद्रात मोठाले सुटे धोंडे पसरलेले आहेत. ओहोटीला ते उघडे पडतात आणि त्यांच्यावर बोट टेकवायलाही मोकळी जागा सापडत नाही. कालवांनी आपला एक शिंपला दगडाला कायमचा चिकटवलेला, दुसऱ्याची कड वर आलेली, वस्तऱ्यासारखी. शत्रूचा माणूस रात्रीच्या अंधारात उतरला तरी त्याचे पाय इथेच कापले जावेत यासाठी हे धोंडे टाकले, असं गडांचे अभ्यासक सांगतात. त्या धोंड्यांवर उभं राहून मला ते पूर्ण पटलं. 1679 साली मराठ्यांचे मायनाक भंडारी गड बांधायला माणसं घेऊन या बेटावर उतरले. मुंबईकर इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून उभी असताना मराठ्यांच्या लहान, उथळ होड्या रात्री त्यांच्यामधून निसटून सामान पोचवत राहिल्या. माणसांनी चिरे रचले, आणि त्यापुढची फळी कालवांनी उभारली. चुन्याचा तट झिजतो. हा तट मात्र दरवर्षी नव्या पिल्लांनी वाढत असतो.

सगळ्यात वर, जिथे लाटांचे नुसते शिंतोडे पोचतात, तिथे बारीक गोगलगायी भेगांमध्ये दाटीने बसलेल्या होत्या. त्याखाली बार्नॅकल. हा जीव लहानपणी पाण्यात भटकतो, मग एक जागा पसंत करून डोक्याच्या बाजूने दगडाला चिकटतो आणि उरलेलं आयुष्य पाय हलवून अन्न गोळा करत काढतो. डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या प्राण्यांच्या अभ्यासाला दिली. गालापागोसची बेटं पाहून आलेल्या माणसाला एवढ्याशा जिवात आठ वर्षं पुरेल इतकं काही सापडलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे बेटावरचं जीवन म्हटलं की दूरची बेटं आणि मोठी जहाजंच डोळ्यांसमोर येतात.

आणखी खाली, गुडघाभर पाण्याच्या डबक्यांत हिरव्या झोअँथिडची चकती चकतीला लागलेली. सावली पडली की एकेक चकती मिटायची. कालवांच्या काही रिकाम्या शिंपल्यांना नेमकं गोल भोक होतं. शिकारी गोगलगाय आम्लाने कवच मऊ करते, दातेरी जिभेने खरवडत आत शिरते आणि कालव खाऊन टाकते. गोगलगाय मेली की तिचा शंख खेकडा बळकावतो. या डबक्यांच्या काठाने दोन समुद्री बगळे फिरत होते, एक राखाडी-काळा, दुसरा पांढराशुभ्र. जात एकच, रंग दोन. काळा बगळा पंख अर्धे उघडून पाण्यावर सावली धरायचा आणि चोच मारायचा.

दहाच्या सुमारास समुद्री गरुड आला. पांढरं पोट, पाचरीसारखी शेपटी, आणि पायांत लोंबणारा समुद्री साप. तो बेटावरच्या झाडीत उतरला तसा कावळ्यांचा एकच गलका झाला. आमच्यापैकी कोणी कॅमेरा उचललाच नाही.

त्याच धोंड्यांमध्ये नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे इतके रुतलेले होते की कापून काढताना हात भरून आले. एका तुकड्यात खेकडा अडकून मेला होता. जमेल तेवढं गोणीत भरलं.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरीचंही नाव जागतिक वारसा यादीत आलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. माणसं येतील, यावीतच. त्यांच्यासाठी धक्का मोठा करावा लागेल, पायऱ्या कराव्या लागतील. पण हे धोंडे सिमेंटने बांधून काढले, किंवा वाट काढायला बाजूला सारले, तर गडाचा एक भाग आपण आपल्याच हाताने पाडू. तोफा आणि बुरुजांची नोंद झाली आहे. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात कोणत्या उंचीला काय राहतं याचीही नोंद व्हायला हवी, आणि ती बांधकामाचा आराखडा काढण्याआधी.

त्या दिवशी आमच्या वहीत तशी सुरुवात झाली. तटाच्या एका बुरुजापासून पाण्यापर्यंत दोरी ताणली आणि हातभर अंतरावर काय दिसतं ते लिहीत गेलो. अर्धी दोरीही झाली नव्हती तोवर वारा फिरला, खारा वारा सुटला आणि पाणी घोट्याला लागलं. नाखवा वरून ओरडत होते, "चला, मंग पुढच्या आवसंला या, तवा आनखी खाली जाल." आमच्यातल्या एकीने तिथेच पंचांग काढून फाल्गुनी अमावस्येनंतरची तृतीया शोधली. त्या वेळी थळच्या शाळेतली मुलं बरोबर न्यायची आहेत, आणि दोरी दुप्पट लांब.