तुळुनाडूची तळी, टेकड्या आणि ताडपत्रे

दक्षिण महाराष्ट्रातील श्रावकांना श्रवणबेळगोळ घरच्यासारखे परिचित आहे. धर्मस्थळालाही बसगाड्या भरून लोक जातात. परंतु सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील ज्या चिंचोळ्या पट्ट्याला तुळुनाडू म्हणतात, त्याचे दर्शन बहुधा धावतेच घडते. कारकळला अर्धा तास, मूडबिद्रीला एक तास, तेवढ्यात नारळपाणी आणि छायाचित्रे, की गाडी पुढे निघाली. ज्या प्रदेशात शतकानुशतके जैन राजघराण्यांनी राज्य केले, त्या प्रदेशाला एवढा वेळ पुरेसा नाही, या विचाराने सांगली-जयसिंगपूर परिसरातील पाच जण गेल्या मार्गशीर्षात चार मोटारसायकलींवरून सात दिवसांच्या प्रवासास निघाले. त्यांत एक निवृत्त प्राध्यापक, एक कापड व्यापारी, द्राक्षबागायतदार असलेले दोघे भाऊ आणि व्यापाऱ्यांची मिरजेची भाची होती. भाची स्वतःची गाडी स्वतः चालवीत होती. धाकटा भाऊ थोरल्याच्या मागे बसला होता.

प्रवासाचे वेळापत्रक नकाशाने नव्हे, सूर्याने ठरविले होते. प्राध्यापकांचा रात्रिभोजनत्याग तीस वर्षांचा. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून जेवण आटोपायचे, हा पहिला नियम. दुसरे कारणही होते. तिन्हीसांजेला कोकणपट्टीच्या रस्त्यावर दिव्यांच्या झोतात चिलटे आणि पाखरे अशी झेपावतात की हेल्मेटची काच त्यांनी माखून जाते. ज्याला हे सलत नाही त्याने खुशाल रात्री गाडी चालवावी. या पाचांना ते सलत होते. पिशव्यांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुगाचे लाडू आणि पाणी गाळण्याचे फडके होते. हॉटेलात शिरताच ‘ईरुळ्ळी बेडा, आलूगड्डे बेडा’ एवढे कानडी थोरल्या भावाने आधीच सर्वांकडून घोकून घेतले होते.

पहिल्या दिवशी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदीत नेमिनाथांचे दर्शन घेऊनच अन्नग्रहण झाले. रट्ट राजवटीतील ही बसदी 1204 सालची. छतातून उमललेले तिचे पाषाणकमळ मान दुखेपर्यंत पाहावे असे आहे. त्यानंतर हुबळी, यल्लापूर आणि अरबैल घाट. घाट उतरताना हवा जड होते, सागवानाच्या जागी पोफळी दिसू लागतात आणि अंकोल्याजवळ समुद्राचा वास येतो. कुमट्याचा मुक्काम सूर्य वर असतानाच गाठला. या दिवसाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

दुसरा दिवस मात्र मिरी-राणीचा होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेरसोप्प्याच्या गादीवर चेन्नभैरादेवी ही जैन राणी होती. पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणत, कारण घाटातून उतरणारी काळी मिरी तिच्या बंदरांतून जहाजांवर चढे. कुमट्याजवळचा मिर्जान किल्ला तिच्या नावाशी जोडलेला आहे. जांभ्या दगडाच्या त्या भिंती आजही हिरव्या शेवाळाने मढलेल्या असतात. होन्नावरहून शरावतीच्या काठाने आत गेल्यावर गेरसोप्पे लागते. जुने नगर नदीपलीकडे अरण्यात आहे. तेथील चतुर्मुख बसदीसमोर पाचही जण बराच वेळ अवाक् उभे होते. चारी दिशांना द्वारे, आत चारी दिशांना तोंड केलेल्या जिनमूर्ती आणि सभोवार केवळ झाडे. बाजारपेठ नाही, वस्ती नाही. वाटेत पानांखाली जुन्या बांधकामाचे दगड पायाला लागत होते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी केळदीच्या नायकांनी हे राज्य जिंकले आणि राणीचा अंत बंदिवासात झाला. 1623 मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी या वाटेने इक्केरीकडे गेला, तेव्हाच हे नगर उजाड होऊन त्यावर झाडी माजली होती. अवघ्या दोन दशकांत! मिरीच्या व्यापाराचा एवढा पैसा ज्या नगरात खेळला, त्याची ही गत. व्यापारी गृहस्थांनी दर्शनानंतर एवढेच विचारले, “इथे दिवा कोण लावतं?” त्या क्षणी उत्तर देणारे तेथे कोणी नव्हते.

भटकळमार्गे मरवंतेला आल्यावर मन थोडे हलके झाले. तेथे महामार्गाच्या एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सौपर्णिका नदी आहे. दोन पाण्यांमधून गाडी नेण्याचा आनंद मोटारीच्या काचेआडून मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. मुक्काम कुंदापूरला झाला.

तिसऱ्या दिवशी नियमाची कसोटी लागली. कुंदापूरहून हेब्रीकडे जाताना थोरल्या भावाच्या गाडीची चेन तुटली. रबराच्या बागांमधला निर्मनुष्य रस्ता, जवळ गॅरेज नाही. धाकट्याने दुसऱ्या गाडीवरून जाऊन कारागीर आणीपर्यंत आणि त्याने नवी चेन बसवीपर्यंत साडेतीन तास गेले. वरंगला पोहोचले तेव्हा पाच वाजत आले होते.

वरंग हे हेब्री-कारकळ रस्त्यावरील लहानसे गाव. सह्याद्रीची निळी भिंत, तिच्या पायथ्याशी भातखाचरे, खाचरांमध्ये तळे आणि तळ्याच्या मध्यभागी केरे बसदी. कानडीत ‘केरे’ म्हणजे तळे. बसदीकडे जायला सेतू नाही, बांध नाही. जायचे ते नावेनेच. आतील रचना चतुर्मुख आहे आणि पद्मावतीदेवीवर आसपासच्या लोकांची मोठी श्रद्धा आहे. त्यांत जैनेतरही पुष्कळ. काठावर नावाडी दोर सोडण्याच्या बेतात होता. दर्शन घ्यावे तर कारकळला पोहोचून सूर्यास्तापूर्वी जेवण अशक्य. जेवणाची वेळ साधावी तर दर्शन दुसऱ्या दिवशी, आणि दुसरा दिवस कारकळ-मूडबिद्रीसाठी ठरलेला. सकाळच्या दोन दशम्यांवर सारे होते. प्राध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले, हातमोजे काढून टाकीवर ठेवले आणि म्हणाले, “आज एकाशन झालंच आहे, असं समजू. चला.”

नाव निघाली. पाण्यावर वाऱ्याचा चरोटासुद्धा नव्हता. बसदीचे उतरते छप्पर आणि मागचा डोंगर दोन्ही पाण्यात उलटे पडले होते. नावेत मोठ्याने बोलावेसे कोणाला वाटले नाही. गाभाऱ्यात तेलाचा दिवा तेवत होता. येथील जैन पुजाऱ्यांना ‘इंद्र’ म्हणतात. पिढ्यानुपिढ्या ही सेवा त्यांच्या घराण्यांकडे असते. ऊन असो वा चार महिन्यांचा तो किनारी पाऊस, पूजेसाठी पाणी ओलांडावेच लागते. आदल्या दिवशीच्या प्रश्नाची आठवण व्यापाऱ्यांना तेथे झाली असावी, कारण ते दिव्याकडे बराच वेळ पाहत राहिले. गेरसोप्प्याच्या मागे राज्य होते, बंदरे होती, समुद्रपार व्यापार होता. वरंगच्या मागे होती एक होडी आणि तिला रोज ढकलणारा माणूस.

त्या रात्री कारकळला चौघे पाणीही न घेता झोपले. धाकट्या भावाला भूक आवरली नाही. नऊ वाजता तो खाली जाऊन इडली खाऊन आला. त्याला कोणी काही म्हटले नाही.

कारकळचा दिवस टेकडीपासून सुरू झाला. सुमारे बेचाळीस फुटांची भगवान बाहुबलींची अखंड मूर्ती भैररस घराण्यातील वीर पांड्य राजाने 1432 साली प्रतिष्ठित केली. श्रवणबेळगोळची मूर्ती डोंगराच्या शिखरातूनच कोरलेली आहे. कारकळची मात्र घडवून मग टेकडीवर चढविली, असे परंपरा सांगते. त्या काळी हे कसे साधले असेल, यावर दोघा भावांत पायऱ्या चढताना आणि उतरतानाही वाद चालला होता. एक ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचा हिशेब मांडत होता, दुसरा हत्तींचा. समोरच्या खडकावर 1586 सालची चतुर्मुख बसदी आहे. एकशे आठ स्तंभ, चारी दारांतून दिसणाऱ्या अरनाथ, मल्लिनाथ आणि मुनिसुव्रत यांच्या मूर्ती. अलंकरण बेताचे, पण प्रमाणबद्धता अशी की कोठूनही पाहिले तरी इमारत स्थिर बसलेली वाटते. तेथील ओसरीवर टेकून समोरच्या टेकडीवरील बाहुबलींकडे पाहणे, हे कारकळमधील सर्वांत चांगले काम आहे. गावातील आनेकेरे म्हणजे हत्तीतळे, त्याच्या मध्यभागीही बसदी आहेच. या लोकांना पाण्यात मंदिर बांधण्याचा छंदच होता म्हणायचे.

मूडबिद्री कारकळपासून अठरा-वीस किलोमीटर. गावात अठरा बसदी, म्हणूनच ‘जैन काशी’. 1430 मधील त्रिभुवनतिलकचूडामणी बसदीला लोक ‘सावीर कंबद बसदी’, म्हणजे हजार खांबांची बसदी म्हणतात. कोणतेही दोन खांब सारखे नाहीत. चार महिने कोसळणाऱ्या पावसामुळे छपरे तीव्र उताराची, वरचा मजला लाकडी. हिमालयातील मंदिरांशी तिचे साम्य अभ्यासकांना जाणवले ते यामुळेच. चौटांच्या जुन्या वाड्यातील लाकडी खांबही पाहण्यासारखे. एकावर नऊ स्त्रियांच्या देहांतून साकारलेला हत्ती, दुसऱ्यावर पाच स्त्रियांतून साकारलेला घोडा. पोर्तुगिजांशी झुंजलेली उल्लाळची राणी अब्बक्का याच चौट घराण्यातील. या घराण्यांत वारसा मामाकडून भाच्याकडे, म्हणजे बहिणीच्या वंशात चाले. त्या पद्धतीला ‘अळियसंतान’ म्हणतात. हे ऐकून भाचीने मामांकडे अर्थपूर्ण पाहिले. मामांनी दुकानाच्या किल्ल्या खिशात असल्याची खात्री करून घेतली.

परंतु मूडबिद्रीचे खरे धन दगडांत नाही. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका 816 सालची. तिच्यासह सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्री प्रती जुन्या कानडी लिपीत येथील सिद्धांत बसदीत शतकानुशतके जपल्या गेल्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन मिळे, वाचन नाही. पूजा होत राहिली आणि ताडपत्रे झिजत राहिली. 1883 च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेसाठी आले आणि ही अवस्था पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी ती सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांच्या कानी घातली. निधी जमला, भट्टारकांची संमती मिळाली आणि प्रती उतरविण्याचे काम सुरू झाले. ते अनेक वर्षे चालले. उतरवून घेणाऱ्यांत श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री होते आणि मिरजेचे गजपती शास्त्री होते. प्रत बाहेर जाऊ नये अशी अट होती. गजपती शास्त्रींनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने घरी गुप्तपणे आणखी एक प्रत तयार केली. ती पुढे सहारनपूरला पोहोचली आणि तेथून ग्रंथाला पाय फुटले. 1939 मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड प्रकाशित केला. पुढे सोळा खंड झाले.

गजपती शास्त्रींनी केले ते योग्य की अयोग्य, यावर मठाच्या ओसरीवर बरीच चर्चा झाली. थोरल्या भावाच्या मते दिलेला शब्द मोडणे ते मोडणेच. प्राध्यापक म्हणाले, अचौर्यव्रताची व्याख्या ‘न दिलेले घेणे’ अशी आहे, परंतु येथे घेतलेले काहीच कमी झाले नाही, उलट वाढले. व्यापाऱ्यांना मोबदल्याचा प्रश्न सतावत होता. प्रत विकली गेली होती, ही गोष्ट त्यांना नजरेआड करवेना. मिरजेची भाची गप्प होती. मग म्हणाली, “सर, मी जन्मापासून मिरजेत आहे. हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. आणि लक्ष्मीबाईंचं तर कोणीच घेत नाही.” घरी बसून ज्या बाईने ही अक्षरे उतरविण्यास हात लावला, तिच्याविषयी एका वाक्यापलीकडे काही सांगता येत नाही, ही गोष्ट प्राध्यापकांनाही पटली.

पाचव्या दिवशी वेणूर. फल्गुनी नदीच्या काठी, 1604 मध्ये तिम्मण्ण अजिल राजाने प्रतिष्ठित केलेली पस्तीस फुटांची बाहुबलीमूर्ती. तिच्या गालांवर पडणाऱ्या खळ्यांमुळे ती हसते आहे असे वाटते. आपल्या बाहुबलींची कीर्ती उणावेल म्हणून कारकळच्या राजाने चाल केली, तेव्हा अजिलाने ही मूर्ती नदीच्या वाळूत पुरून ठेवली, अशी कथा आहे. त्यागाच्या प्रतिमेवरून दोन श्रावक राजांनी भांडावे, यावर हसावे की रडावे हे कळत नाही. वाळूत पाय बुडवून पाचही जण तेथे बसले. शेजारी दोन म्हशी निवांत डुंबत होत्या.

धर्मस्थळाचे दर्शन घेऊन दोन दिवसांत परतीचा प्रवास झाला. एकूण सुमारे बाराशे किलोमीटर, एक चेन, एक पंक्चर. परतल्यानंतर भाचीने मिरजेतील जुन्या बसदींत आणि वयोवृद्धांकडे गजपती शास्त्रींच्या घराची चौकशी सुरू केली आहे. ब्राह्मणपुरीकडे कोणीतरी होते असे एका आजींनी सांगितले, तर दुसऱ्यांनी ते नाकारले. ती दर रविवारी एकेका घरी जाते. विचारण्याजोगी आणखी सात-आठ घरे तिच्या वहीत आहेत.