सौम्य उताराचे औषध

वाचकहो, “घाबरू नकोस” एवढे सांगून कुणाची भीती जात नाही, हे आपण जाणताच. माझ्या पत्नीने साठीच्या उंबरठ्यावर, फ्रान्समधील कुर्शव्हेल येथे प्रथमच पायांना स्की बांधल्या, तेव्हा मला तिच्यासाठी योग्य उतार शोधावा लागला. तेथे उतारांना रंग दिलेले असतात : हिरवा सर्वांत सौम्य, पुढे निळा, लाल आणि काळा. मात्र केवळ रंगावर विसंबू नये. अरुंद, गर्दीच्या हिरव्या वाटेपेक्षा रुंद, मोकळा निळा उतार धास्तावलेल्या मनाला अधिक मानवतो. पायथ्याशी लांब सपाटी असावी. वेग तेथे आपोआप ओसरतो. थकल्यास रोपवेने खाली परतता यावे. सकाळी यंत्राने सारखा केलेला बर्फ उत्तम. दुपारी तो भुसभुशीत होतो, पायही थकलेले असतात.

चार दिवस आम्ही एकच उतार पुनःपुन्हा उतरलो. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “आज तुम्ही मागून या.”

हाडे ठिसूळ असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, हे खरेच. परंतु आपल्या घरी कुणी पडल्यानंतर जिन्याला भीत असेल, तर त्यांच्यासाठीही प्रथम दोनच पायऱ्या निवडा, आणि त्याच पुनःपुन्हा चढू-उतरू द्या.